संघाच्या सभासदांची यादी बाहेर गेली आहे. कायद्याने काय करता येईल? (सोलापूर)

चिटणीस_जुळे_सोलापूर

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते. अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवट मिळतो.

मी जुळे सोलापुरातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाची चिटणीस आहे. नोकरी सगळी टपाल खात्यात झाली. संघ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेला आहे आणि धर्मादाय कार्यालयाकडे सार्वजनिक न्यास म्हणूनही. सभासद दीडशेच्या आसपास, मराठी, तेलुगू, कन्नड सगळ्या घरांतले. सकाळी योगासनं, महिन्याला एक व्याख्यान, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत तिळगूळ समारंभ, असा आमचा साधा कारभार.

सभासदांची माहिती आमच्याकडे दोन ठिकाणी आहे. एक छापील परिचय पुस्तिका: नाव, फोटो, मोबाइल, वाढदिवस, रक्तगट. ती सगळ्यांकडे असते, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. दुसरी गोष्ट वेगळी आहे. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही एकट्या राहणाऱ्या सभासदांची यादी केली. रोज सकाळी त्यांना एक फोन करायचा, उचलला नाही तर घरी जाऊन बघायचं, असं ठरलं आणि ते आजतागायत चालू आहे. त्या कामासाठी आम्ही जे विचारून घेतलं, ते माणूस सख्ख्या भावालाही चटकन सांगत नाही. मुलं कोणत्या गावी, त्यांचे नंबर, आजार कोणता, औषध कोणाचं, आणि शेवटच्या रकान्यात, घराची दुसरी किल्ली कोणाकडे. ही फाइल गूगल ड्राइव्हवर होती आणि कार्यकारिणीतल्या चौघांनाच दिसत होती.

दिवाळी झाली आणि फोन सुरू झाले. "संघाकडून बोलतोय, तुमचं आरोग्य कार्ड तयार आहे, ५,१०० रुपये भरा, माणूस घरी येऊन मशीन लावून जाईल." सुरुवातीला वाटलं, नेहमीचे जाहिरातीचे फोन असतील. पण होटगी रोडला राहणाऱ्या आमच्या एका काकूंना फोनवाला म्हणाला, "तुमचे चिरंजीव नागपूरला असतात ना?" काकूंचा मुलगा नगरला आहे, नागपूरशी त्याचा काडीचा संबंध नाही. फक्त आमच्या त्या फाइलमध्ये टाइप करताना नगरचं नागपूर झालेलं आहे. जगात दुसरीकडे कुठेही ही चूक नाही. दुसऱ्या एका बाईंना सांगितलं, "तुम्ही घरी नसलात तरी चालेल, किल्ली समोरच्यांकडे असते ना." हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

एका काकांनी पैसे भरलेही, यूपीआयने. मुलाला सांगू नका म्हणून त्यांनी मला शपथ घातली आहे.

आमचे एक माजी पदाधिकारी वर्षभरापूर्वी बाहेर पडले. ते आता अशीच कार्डं विकणाऱ्या मंडळींबरोबर काम करतात. फाइल त्यांना दिसत होती. याहून जास्त माझ्या हातात काही नाही, म्हणून नाव घेत नाही.

एका पोलिस ठाण्यात जाऊन आले. तिथे विचारलं, "पैसे किती गेले? ज्यांचे गेले त्यांना पाठवा. नुसता फोन आला म्हणून गुन्हा कसा होईल?" आमचे अध्यक्ष म्हणतात, वाच्यता नको, संघाची अब्रू जाईल.

मला भरपाई नको आहे. ती यादी वापरणं थांबलं पाहिजे, ज्याच्याकडे आहे त्याने ती पुसली पाहिजे, आणि आणखी कोणाकोणाला दिली ते कळलं पाहिजे. यासाठी कायद्यात वाट आहे का?

व्यवहारी_माणूस

ताई, तुमची कळकळ समजते, पण स्पष्ट बोलतो. आजकाल मोबाइल नंबर कुठेही मिळतात. दुकानात बिल करताना देतो, लकी ड्रॉच्या चिठ्ठीवर लिहितो. तुमची पुस्तिका तर छापलेलीच आहे, ती कुठल्याही रद्दीत सापडेल. कोर्टकचेरीत तुमच्या वयाच्या माणसांनी किती फेऱ्या मारायच्या? नंबर ब्लॉक करा, सगळ्यांना सांगा की संघ पैसे मागत नाही, आणि विषय संपवा.

चिटणीस_जुळे_सोलापूर

नंबर कुठेही मिळतो हे मान्य. किल्ली कोणाकडे आहे हे कुठेही मिळत नाही.

टपाल खात्यात लोकांचे पत्ते रोज आमच्या हाताखालून जायचे. कोणाला मनीऑर्डर येते, कोणाला कोर्टाची नोटीस येते, कोणाची सून माहेरी राहते, सगळं पोस्टमनला माहीत असतं. ते कधी चावडीवर बोलायचं नाही, हे नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. या माणसांनी ती माहिती मला दिली कारण सकाळी फोन नाही उचलला तर कोणीतरी दार उघडून आत यावं. म्हणून विषय संपवता येत नाही.

अ‍ॅड_सातरस्ता

मी सोलापूर जिल्हा न्यायालयात वकिली करतो. कागद न बघता लिहितोय, तेवढं धरून वाचा.

ताई, पोलिस ठाण्यात तुम्हाला जे सांगितलं ते बरोबर नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ बघा. संगणकाचा मालक किंवा ज्याच्या ताब्यात तो आहे, त्याच्या परवानगीशिवाय त्यातला डेटा उतरवून घेणं, त्याची नक्कल करणं, हे त्या कलमात स्पष्ट लिहिलेलं आहे. तेच काम अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं की कलम ६६ लागतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अप्रामाणिकपणे म्हणजे स्वतःचा गैरलाभ किंवा दुसऱ्याचं नुकसान व्हावं या हेतूने. हेतू दाखवता आला की पुरे, कोणाचे पैसे प्रत्यक्ष गेलेच पाहिजेत अशी अट त्यात नाही. गुन्हा दखलपात्र आहे.

समोरचा काय म्हणेल तेही सांगतो. "मला फाइल तुम्हीच दाखवली होती, मग परवानगी नव्हती कशी?" खरा वाद इथेच होईल. तुमचं उत्तर असं असायला हवं की परवानगी संघाच्या कामापुरती होती आणि पद सुटलं त्या दिवशी ती संपली. म्हणून ते पद सोडल्याचा ठराव, त्याची तारीख, आणि ही यादी कशासाठी करायची हे ज्या सभेत ठरलं तिचं प्रोसिडिंग (इतिवृत्त), हे तीन कागद आधी शोधा. २०२० च्या सभेत कोणीतरी "ही माहिती कोणालाही द्यायची नाही" असं एक वाक्य लिहून ठेवलेलं असेल तर ते वाक्य सोन्याचं आहे.

नगरचं नागपूर झालं, हा तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा. नंबर शंभर ठिकाणांहून मिळू शकतो, चूक एकाच ठिकाणाहून मिळते. आता ती फाइलमध्ये दुरुस्त करू नका.

"संघाकडून बोलतोय" असं खोटं सांगून पैसे घेतले, हा वेगळा गुन्हा आहे. त्याच कायद्याचं कलम ६६ड, आणि भारतीय न्याय संहितेचं ३१९, तोतयेगिरी करून फसवणूक. शिवाय ३१८(४), ज्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्यासाठी त्या काकांचा जबाब लागेल. त्यांना समजावा. त्यांनी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करून किंवा सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवावी. आता पैसे परत येण्याची आशा कमी आहे, पण पैसे कोणत्या खात्यात गेले ते पोलिसांना बँकेकडून कळेल आणि माणसापर्यंत जाणारा तोच सरळ धागा आहे.

विश्वासघात म्हणून न्याय संहितेचं ३१६ लावावं का, असं कोणीतरी सुचवेलच. त्या कलमाला "मालमत्ता" लागते आणि डेटा ही मालमत्ता का, यावर वाद आहेत. जुन्या दंडसंहितेत जंगम मालमत्तेच्या व्याख्येत मूर्त वस्तू असा शब्द होता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तो वगळला आहे. त्यामुळे मांडायला जागा आहे. पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका, ४३ आणि ६६ पुढे ठेवा.

कुठे जायचं? जुळे सोलापूर शहर पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत आहे, शहराचं सायबर पोलिस ठाणं आहे, तिथे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. या कायद्याखालचा तपास पोलिस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. अर्ज घेऊन नुसता ठेवून दिला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १७३(४) प्रमाणे वरिष्ठांना लेखी कळवा, टपालाने, पोच राखून. तरीही काही हललं नाही तर १७५(३) खाली प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. हे टप्पे वगळून थेट कोर्टात गेलात तर अर्ज टिकत नाही.

आता तुम्हाला जे खरं हवं आहे त्याबद्दल. वापर थांबवणं, पुसायला लावणं, कोणाला दिली ते वदवून घेणं, ही कामं फौजदारी तक्रारीने थेट होत नाहीत. त्याला दिवाणी दावा लागतो. आधी वकिलामार्फत नोटीस, मग कायमच्या मनाईसाठी दावा, आणि त्यातच तात्पुरत्या मनाईचा अर्ज, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ खाली. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ३९ खाली "प्रती नष्ट करा आणि त्याचं प्रतिज्ञापत्र द्या" अशी आज्ञाही मागता येते. एक खाचखळगा मात्र ध्यानात ठेवा. दाव्याचा पाया माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ वर घेऊ नका. त्या कलमाखालच्या भरपाईचे वाद राज्याच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे, म्हणजे माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांकडे, मंत्रालयात जातात आणि कलम ६१ त्या बाबतीत दिवाणी न्यायालयाला अडवतं. तुमचा दावा गोपनीयतेच्या भंगावर उभा करा: विश्वासाने दिलेली माहिती, ठरावीक कामासाठी दिलेली, त्या कामाबाहेर वापरली.

दिल्ली उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये बर्लिंग्टन होम शॉपिंगच्या प्रकरणात ग्राहकांच्या यादीला संकलन म्हणून कॉपीराइटचं संरक्षण दिलं होतं. तेही वकील पुढे करतात. पण डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनीच्या निकालात नुसत्या मेहनतीला कॉपीराइट नाही, थोडं तरी कौशल्य आणि निवड दिसली पाहिजे, असं म्हटलं. नाव-नंबरच्या यादीत ते दाखवणं कठीण. जोडीला घ्या, पण त्यावर विसंबू नका.

लेक_पुण्यात

मी सोलापूरची, लग्नानंतर पुण्यात. आई सोलापुरात एकटी असते, अशाच एका संघाची सभासद आहे. तुमचाच संघ आहे की नाही मला माहीत नाही, आणि हे माहीत नसणं फार वाईट आहे. कालपासून तीन वेळा आईला फोन करून विचारलं, "किल्ली कोणाकडे ठेवली आहेस?" ती म्हणते, "तुला काय करायचंय?"

कलमं चालू द्या, पण आधी ज्यांची नावं त्या यादीत आहेत त्यांना आणि त्यांच्या मुलांना सांगा. आज सांगा. अध्यक्षांना अब्रूची काळजी आहे. उद्या कोणी मशीन लावायच्या निमित्ताने समोरच्या घरातून किल्ली घेऊन आत शिरला तर कसली अब्रू राहणार आहे? मला जर कळलं की संघाला महिनाभर माहीत होतं आणि आईला सांगितलं नाही, तर मी त्या कार्डवाल्यावर नंतर, आधी संघावर चिडेन.

सांगताना नुसतं "सावध राहा" म्हणू नका. काय गेलं ते नेमकं सांगा: आजाराचा रकाना गेला, किल्लीचा गेला, मुलांचे नंबर गेले. म्हणजे ज्याला किल्लीची जागा बदलायची तो बदलेल, ज्याला कुलूप बदलायचं तो बदलेल. किल्ली ज्यांच्याकडे असते त्या शेजाऱ्यांनाही सांगा, कारण किल्ली मागायला माणूस त्यांच्या दारात येणार आहे.

आणखी एक. ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा आहे, त्याखाली महाराष्ट्राने २०१० मध्ये नियम केले. पोलिस ठाण्याने आपल्या हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, यादी ठेवायची आणि त्यांची विचारपूस करायची, असं त्यात आहे. सायबरच्या अर्जाशिवाय तुमच्या भागातल्या ठाण्याला एक वेगळं पत्र द्या: या या घरांत एकटी माणसं आहेत, त्यांची माहिती बाहेर गेली आहे, गस्त ठेवा. हे पत्र घ्यायला कोणी "पैसे किती गेले" विचारणार नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइनही आहे, बावरलेल्या माणसाला तिथे कोणाशी तरी बोलता येतं.

हिशेबनीस_नवी_पेठ

मी न्यासांची हिशेब तपासणी करतो, त्यामुळे धर्मादाय कार्यालयाशी रोजचा संबंध. वकीलसाहेबांनी जे सांगितलं त्याच्या आधीचा एक प्रश्न: तुमचा बदल अर्ज मंजूर झालेला आहे का?

विचारण्याचं कारण आहे. कार्यकारिणी बदलली की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. बऱ्याच संघांचे अर्ज दिलेले असतात पण निकाली निघालेले नसतात, आणि काहींनी तर दिलेलेच नसतात. मग परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीवर, जुनीच नावं राहतात. तुम्ही ज्यांच्याविरुद्ध तक्रार करणार, तेच कागदोपत्री अजून विश्वस्त असले तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला विचारेल, "तक्रार करणाऱ्या बाईंना अधिकार कोणी दिला?" म्हणून परिशिष्ट एकची प्रमाणित नक्कल काढा. ते काम सगळ्यात आधी.

त्यांचं नाव अजून तिथे असेल तर एका अर्थी तुमच्या हातात जास्त साधनं आहेत. कलम ४१ड खाली विश्वस्ताने विश्वासभंग केला, गैरवर्तन केलं म्हणून निलंबन किंवा काढून टाकण्याची कारवाई मागता येते. नाव निघालेलं असेल तर ४१अ बघा. त्याखाली धर्मादाय आयुक्त विश्वस्तांना आणि न्यासाशी संबंधित इतर व्यक्तींनाही कारभार नीट चालावा म्हणून निर्देश देऊ शकतात. संघाचं दप्तर ज्याच्याकडे राहिलं असेल त्याने ते परत करावं, यासाठी हा अर्ज होतो. माझं मत असं की संगणकातली यादी हेही दप्तरच आहे, आणि अर्जात तसंच लिहावं. "संघाचे अभिलेख, कागदी व संगणकीय, सर्व प्रतींसह." बाहेरच्या विक्रेत्यावर मात्र धर्मादाय कार्यालयाचा हात पोचत नाही, तिथे पोलिस आणि दिवाणी न्यायालयच.

ठराव कार्यकारिणीच्या सभेत घ्या. अजेंडा मुदतीत काढा, विषय स्पष्ट लिहा, "ऐनवेळचे विषय" या सदरात हा ठराव घालू नका. घटनेप्रमाणे गणसंख्या भरली आहे हे प्रोसिडिंगमध्ये दिसू द्या. कुठल्या कुठल्या ठिकाणी तक्रार, नोटीस, दावा करायचा आणि सही कोण करणार, हे नावानिशी ठरावात हवं. वकिलाच्या फीची तरतूदही त्याच ठरावात करा, नाहीतर वर्षअखेरीस माझ्यासारखाच कोणीतरी शेरा मारेल.

संगणकवाला_अशोक_चौक

काकू नमस्कार. माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, लोक असे फोन येऊलालेत म्हणून मोबाइल घेऊन माझ्याकडेच येतात. पुराव्याचं सांगतो, कारण तो घाईत बिघडतो.

ड्राइव्हवर फाइल कोणाकोणाला शेअर आहे ती खिडकी उघडा. त्या माजी पदाधिकाऱ्यांचा ईमेल अजून दिसतोय का बघा. दिसत असेल तर आधी त्याचा स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसेल असा, आणि मगच त्यांना काढा. "लिंक असलेल्या कोणालाही" असं असेल तर तेही टिपून घेऊन बंद करा. फाइलमध्ये कधी काय बदललं तो इतिहास दिसतो, पण साध्या गूगल खात्यात फाइल कोणी डाउनलोड केली ते तुम्हाला दिसत नाही. पोलिस गूगलकडून काही मागवू शकतात, तो त्यांचा भाग. म्हणून तुमच्या त्या नागपूरचं महत्त्व एवढं आहे.

फाइल डिलीट करायची नाही. जशी आहे तशी एक प्रत पेनड्राइव्हवर काढून पाकिटात बंद करा, पाकिटावर दोघा-तिघांच्या सह्या. रोजच्या कामासाठी नवीन फाइल करा आणि तिच्यात किल्लीचा रकाना ठेवूच नका. किल्लीची माहिती एका वहीत, ती वही एकाच्या कपाटात.

फोन रेकॉर्ड झाले असतील तर ज्या मोबाइलमध्ये झाले त्याच मोबाइलमध्ये राहू द्या. व्हॉट्सअॅपवर पुढे पाठवलेली प्रत कोर्टात कुचकामी ठरू शकते. साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. म्हणजे फाइलचा एक आकडा, जो एक अक्षर बदललं तरी बदलतो. मी काढून देतो, पैसे नकोत.

सभासदांना एक कोरा तक्ता द्या: फोन कधी आला, कोणत्या नंबरवरून, काय म्हणाला, शब्दशः. म्हाताऱ्या माणसांना महिन्याने आठवत नाही आणि उलटतपासणीत गडबड होते. आणि खासगी दहा आकडी नंबरवरून विक्रीचे फोन येत असतील तर १९०९ वर किंवा ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) डीएनडी, म्हणजे नको असलेले फोन रोखायच्या, अॅपवर तक्रार करा. फोन आल्यापासून सात दिवसांत करायची. डीएनडीला नाव नोंदवलेलं नसलं तरी अशा नंबरविरुद्ध तक्रार घेतली जाते, आणि एका नंबरविरुद्ध वेगवेगळ्या लोकांच्या तक्रारी आल्या की कारवाई लवकर होते. दीडशे सभासद आहेत तुमचे, ही ताकद वापरा.

व्यवहारी_माणूस

किल्लीचं मी नीट वाचलं नव्हतं. तसं असेल तर माझा आधीचा सल्ला बाजूला ठेवा. एक विचारतो, तो नवीन डेटा संरक्षण कायदा आलाय ना, त्यात अडीचशे कोटींचा दंड आहे म्हणतात. तिथे तक्रार केली की झालं, असं नाही का?

अ‍ॅड_सातरस्ता

नाही, आणि हा गैरसमज सध्या फार आहे. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, पण नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि अंमल टप्प्याटप्प्याने आहे. डेटा संरक्षण मंडळाच्या स्थापनेच्या तरतुदी लगेच लागू झाल्या. पण माहिती गोळा करणाऱ्यांवरच्या जबाबदाऱ्या आणि नागरिकांचे हक्क, म्हणजे आपल्याला हवा तो भाग, अठरा महिन्यांनी. जाहीर झालेल्या क्रमाप्रमाणे ते मे २०२७ च्या सुमारास येतं. तुमचा प्रकार त्याच्या आधीचा आहे. शिवाय २५० कोटी ही सुरक्षेत कसूर केल्याबद्दलची कमाल मर्यादा आहे आणि दंड सरकारी तिजोरीत जमा होतो, सभासदाच्या हातात त्यातला रुपयाही येत नाही.

त्या कायद्याची दुसरी बाजूही संघांनी बघायला हवी. तो लागू झाला की अशी गळती झाल्यावर मंडळाला आणि प्रत्येक बाधित व्यक्तीला कळवणं बंधनकारक होईल. सेवाभावी संस्था म्हणून त्यातून सरसकट सूट नाही. पुण्याच्या ताईंनी जे सांगितलं ते तेव्हा कायदाच असेल. आज कळवण्याची सक्ती नसली तरी कळवलंत तर न्यायालयापुढे संघ स्वच्छ दिसतो. लपवलंत तर समोरचा म्हणेल, "यांनाच या यादीचं एवढं महत्त्व वाटत नव्हतं, मग गोपनीय कशी?"

परिचय पुस्तिका आणि ही यादी यांची अर्जात गल्लत करू नका. पुस्तिकेतली माहिती तुम्हीच वाटलेली आहे, तिच्यावर गोपनीयतेचा दावा लंगडा पडतो. अर्जात फक्त तेच रकाने लिहा जे पुस्तिकेत नाहीत.

चिटणीस_जुळे_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

पुण्याच्या ताईंचं लिहिलेलं मी अध्यक्षांना मोबाइलवर नाही, कागदावर मोठ्या अक्षरात काढून वाचायला दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, "माझी बहीणसुद्धा त्या यादीत आहे." त्यानंतर अब्रूचा विषय त्यांनी काढला नाही.

यादीतल्या प्रत्येकाच्या घरी आम्ही दोघं-दोघं जाऊन सांगितलं. फोनवर सांगायचं नाही असं ठरवलं, कारण फोनचाच विश्वास उडालेला आहे. साखर पेठेतल्या एका आजींना तेलुगूतून समजावावं लागलं, तर आमच्या खजिनदारबाई सोबत आल्या. आजींनी सगळं ऐकून घेतलं, उठल्या, शेजारच्या घरातून किल्ली मागून आणली आणि माझ्या हातात ठेवली. "तुझ्याकडेच राहू दे." मला काय बोलावं सुचेना. मी ती घेतली नाही. त्यांच्या नातवाला बोलावून घेतलं आणि कुलूपच बदललं.

परिशिष्ट एकची नक्कल मिळाली. हिशेबनीस साहेब, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. बदल अर्ज दिलेला आहे, मंजुरी बाकी आहे, जुनंच नाव चालू आहे. २०२० चं प्रोसिडिंग सापडलं. "सदर माहिती सभासदांच्या काळजीपोटी घेतली असून अन्य कोणासही देण्यात येऊ नये" असं तेव्हाच्या चिटणिसांनी लिहून ठेवलं आहे, आणि खाली हजर असणाऱ्यांच्या सह्यांत त्या माजी पदाधिकाऱ्यांचीही सही आहे. ज्या काकांचे पैसे गेले त्यांनी मुलाला स्वतःच सांगितलं. मुलगा रागावला नाही, सुट्टी काढून आला आणि त्यांच्याबरोबर सायबर ठाण्यात जाणार आहे.

आता दोन प्रश्न उरलेत. सभासद मला नाव विचारतात, कोणी केलं म्हणून. सांगू का? आणि नोटीस इंग्रजीत द्यायची की मराठीत? वकील मिळालेत, ते इंग्रजी म्हणतात.

अ‍ॅड_सातरस्ता

नाव सांगू नका. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच नाही. पोलिसांकडे किंवा धर्मादाय कार्यालयाकडे सद्हेतूने नाव देणं हा न्याय संहितेच्या कलम ३५६ मधल्या बदनामीला अपवाद आहे. ग्रुपवर लिहिणं हा अपवाद नाही, आणि तो माणूस उलट तुमच्यावरच फिर्याद करून मोकळा होईल. सभासदांना एवढंच सांगा की तक्रार दिली आहे आणि तपास चालू आहे. तुमचा संशय खरा असेल, पण सही आणि फाइल दिसणं यावरून त्यांनीच ती दिली हे अजून सिद्ध व्हायचं आहे. चौघांपैकी कोणाच्या तरी मोबाइलमधूनही ती गेलेली असू शकते. तपासाला तीही शक्यता मोकळी ठेवा.

प्रोसिडिंगवर त्यांची सही आहे म्हणजे परवानगी कशापुरती होती हे त्यांना माहीत होतं. परवानगीचा जो वाद मी सुरुवातीला सांगितला, त्यात तुमची बाजू यामुळे बरीच बळकट झाली. मूळ वही कोणाच्या हातात देऊ नका, नकला द्या. पोलिस मूळ वही मागतील तेव्हा पंचनाम्याने द्या आणि पावती घ्या. बदल अर्ज प्रलंबित आहे, तेव्हा दाव्यात संघाबरोबर दोन-तीन बाधित सभासदांनाही वादी करा. माहिती त्यांची आहे, त्यांच्या हक्काला परिशिष्ट एकची गरज नाही.

नोटीस मराठीत द्या. तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे, प्रोसिडिंग मराठीत आहे, यादी मराठीत आहे, आणि ज्याला नोटीस जाणार त्याने ती स्वतः वाचून समजून घेतली हे पुढे दाखवता आलं पाहिजे. स्पीड पोस्टाने, नोंदणी आणि पोच घेऊन पाठवा. त्यातलं तुम्हाला मी काय सांगायचं. नोटिशीत पंधरा दिवसांची मुदत द्या आणि तीनच मागण्या ठेवा: वापर बंद, सर्व प्रती नष्ट केल्याचं प्रतिज्ञापत्र, आणि ज्यांना ज्यांना दिली त्यांची नावं. कार्ड विकणाऱ्या मंडळींना तीच नोटीस वेगळी द्या. नोटीस जायच्या आधी सायबर ठाण्यातली पोच हातात असू द्या, नाहीतर नोटीस मिळताच मोबाइल आणि संगणक साफ केले जातील.